अंगरख्याचा फर्मा

माझ्या ऑपरेटिंग सिस्टमला जगात दोन गिऱ्हाइकं आहेत. एक मी, धारला. दुसरे माझे वडील, देवासला. बायको तिसरी होऊ शकली असती, पण तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "तुमचं ते तुमच्याजवळ ठेवा, मला शाळेचे पेपर काढायचे आहेत." तेव्हापासून घरात त्याचं नाव 'तुमचं ते' पडलं. मीही दुसरं काही ठेवलं नाही.

पीथमपूरच्या एका कारखान्यात मी मशिनींच्या देखभालीवर आहे. शिफ्टच्या बसमध्ये शेजारी बसणारा रोज विचारतो, "भिया, बनी-बनाई मिलती है, फोकट में मिलती है, तू काय के लिए बना रिया है?" मी त्याला म्हणतो, तू रोज क्रिकेट बघतोस, तुला कोणी खेळायला बोलावलंय का? मग तो टोपी डोळ्यांवर ओढून झोपतो आणि मी फोनवर चुकांची यादी वाचत धारला उतरतो.

सगळं मीच बनवलं असं नाही, खोटं कशाला बोलू. आतला गाभा जगभरातले लोक मिळून करतात, तो फुकट मिळतो. त्यावर खिडक्या, मेनू, चित्रं हे माझं. आणि एक हट्ट माझा. खालचा पाया कोणालाही बदलता येऊ नये, मलासुद्धा नाही. वापरणाऱ्यानं हवे ते उद्योग करावेत, मशीन बंद करून चालू केलं की पाया पहिल्यासारखा. सुधारणा करायची तर पायाला ठिगळ लावायचं नाही. अख्खा पाया काढायचा, नवा ठेवायचा.

ही अक्कल मला पुस्तकातून आली नाही, दादांच्या दुकानातून आली. दादा म्हणजे वडील. आम्ही शिंपी. पणजोबा देवासच्या दोन राजघराण्यांतल्या थोरल्या पातीच्या दरबारात शिवायला म्हणून महाराष्ट्रातून देवासला आले. दरबार गेला, आम्ही राहिलो. दुकानाच्या भिंतीला खिळे आणि खिळ्यांना पुठ्ठ्याचे फर्मे टांगलेले. फर्मा म्हणजे कपड्याच्या एकेका भागाचा कापून ठेवलेला मूळ नमुना. पाठीचा एक, बाहीचा एक, असे. नियम असा की फर्म्याला कात्री लावायची नाही. गिऱ्हाईक जाडं असो, वाकडं असो, फर्मा जुन्या वर्तमानपत्रावर ठेवायचा, कडेनं खडू ओढायचा आणि जे वाढवायचं-घटवायचं ते त्या कागदावर. कपडा बेतून झाला की कागद चुरगाळून फेकायचा, फर्मा परत खिळ्याला. मी नववीत असताना घाईघाईत शर्टाच्या फर्म्याचीच कॉलर कापली. दादांनी मारलं नाही. त्यांनी पंधरा दिवस मला 'अहो-जाहो' केलं. "अहो, जेवायला चला." "अहो, तुमचं दप्तर उचला." त्यापेक्षा मार परवडला असता.

सगळ्यांत जपलेला फर्मा अंगरख्याचा. पणजोबांनी काढलेला, आजोबांनी नव्या पुठ्ठ्यावर उतरवलेला, दादांनी परत एकदा. मराठी घरातल्या लग्नात नवरदेवाला अंगरखा हवा असला की इंदूरहून, उज्जैनहून, बदनावरहून लोक दादांकडे येतात. असा खांदा दुसऱ्या कोणाला बसवता येत नाही, असं लोक म्हणतात. दादा स्वतः कधी म्हणत नाहीत, पण कोणी म्हणत असेल तर मध्ये बोलतही नाहीत.

दोन वर्षांपूर्वी पुठ्ठ्यांना कसर लागली. त्याच सुमाराला दादांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला. एका रविवारी त्यांनी मला दुकानात बसवलं आणि म्हणाले, "हे फर्मे तुझ्या त्या यंत्रात जातील का?"

"जातील की."

"बाकीचे गेले तरी चालतील. अंगरख्याचा राहिला पाहिजे. तू शिवणार नाहीस, मला माहीत आहे. पण फर्मा असला तर कोणीतरी शिवेल. मी गेल्यावर कोणी विचारत आलं आणि तू म्हणालास की कसरीनं खाल्ला, तर मला वर चैन पडणार नाही."

दादा असं कधी बोलत नाहीत. मी लगेच कारखान्यातून भंगारात निघालेला एक लॅपटॉप आणून दिला. त्यावर आधी बाजारात मिळते ती सिस्टम होती. दादांना कापड ओढायची सवय, त्यांनी पडद्यावरचंही सगळं ओढून बघितलं. दर रविवारी फोन.

"खालची पट्टी उसवली."

"म्हणजे?"

"खाली होती. मग वर गेली, मग उजवीकडे गेली. आता नाही."

चौथ्या वेळी मी हात टेकले आणि त्यावर 'तुमचं ते' चढवलं. सगळे शब्द मराठीत घातले. माझी शाळा हिंदीची, त्यामुळे मी फोनमधून शब्द शोधून भरले होते. दादांनी पहिलाच मेनू उघडला आणि म्हणाले, "जतन करा? इथं काय मुरंबा घालायचाय? 'ठेवा' लिही." मी 'ठेवा' लिहिलं. असे चाळीसेक शब्द त्यांनी खडूनं पाटीवर दुरुस्त करून दिले आणि ते सगळे माझ्यापेक्षा बरे होते, हे मान्य करायला मला आठवडा लागला.

पहिल्या आवृत्तीत पायाला हात लावायला गेलं की पाटी यायची, 'परवानगी नाही.' दादांचा फोन भर शिफ्टमध्ये आला. "माझ्याच दुकानात मला परवानगी नाही?" मला त्यांचंही पटलं. मी ती पाटी काढून टाकली. त्याऐवजी पायावर एक पातळ थर पसरला. दादा पायात जे काही बदलतील ते या थरावर उमटायचं, पण दिसायला पायातच झाल्यासारखं दिसायचं. मशीन बंद केलं की थर पुसून जायचा. दुकानातल्या वर्तमानपत्राचीच कल्पना ही. मी इतका खूश झालो की त्या दिवशी बसमधल्या भियाला समोसा खाऊ घातला.

पडद्यावर मी दोन कप्पे ठेवले होते. एकाचं नाव 'मूळ', म्हणजे तो पाया. दुसऱ्याचं नाव 'घर'. घरात ठेवलेलं राहतं, मशीन बंद केलं तरी. दादांना समजावताना मी म्हणालो, "दादा, तुम्ही काहीही करा, मूळला कधीच काही होत नाही." हेच शब्द. आई तिथंच भाजी निवडत बसली होती, ती साक्षीला आहे.

चैत्रापासून दादा कामाला लागले. पुठ्ठा टेबलावर ठेवायचा, मोजपट्टी लावायची, एक डोळा मिटून आकडा वाचायचा आणि यंत्रात बिंदू टाकायचा. एका फर्म्याला दोन-दोन दिवस. संध्याकाळी लॅपटॉपचं झाकण लावायचं आणि त्यावर शिलाई मशीनचं फडकं. झाकण लावलं की तो झोपतो, बंद होत नाही. बंद करायची दादांना कधी गरजच वाटली नाही, आणि घरात इन्व्हर्टर असल्यानं विजेनंही ती वेळ आणली नाही.

मी काय करत होतो? मी धारला बसून, मशीन चालू होताना जे चित्र दिसतं त्याच्या कडा गोल करत होतो. तीन महिने. आधी फार गोल झाल्या, मग कमी. मध्ये ओव्हरटाइम होता, मध्ये पोराच्या परीक्षा होत्या, देवासला जाणं झालं नाही. फोनवर विचारायचो, "ठेवले का फर्मे?" "ठेवले." "नीट?" "एकदम पक्क्या जागी." कुठल्या जागी, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर दहा सेकंद लागले असते.

नवरात्रात नवव्या दिवशी, खंडेनवमीला, मी देवासला गेलो. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा. चौरंगावर लाल कापड, त्यावर मोठी कात्री, मोजपट्टी, इस्त्री, बाजूला शिलाई मशीन पट्टा उतरवून. मधोमध दर वर्षी फर्म्यांची चवड असते. या वर्षी मधोमध लॅपटॉप होता, झेंडूची माळ घालून.

"फर्मे कुठे?" मी विचारलं.

"गणपतीबरोबर बोळवले," आई म्हणाली. "कसर लागलेली, चुरा पडत होता नुसता. आणि इतक्या वर्षांचं कुंकू लागलेलं त्यांना, रद्दीत कसे टाकायचे? अनंत चतुर्दशीला यांनी सगळे दोरीनं बांधले, नमस्कार केला आणि तलावात सोडले."

मला त्या वेळी, सांगायला लाज वाटते, पण अभिमान वाटला. पूजेतल्या फर्म्यांच्या जागी मी बनवलेली वस्तू बसली होती. मी फोटोही काढला. दादा म्हणाले, "आज हत्याराला सुट्टी. याला नुसतं झोपवू नको, पूर्ण बंद कर." मी पुढे झालो आणि माझ्या हातानं 'बंद करा' दाबलं. दादांनी झाकणावर कुंकवाचं बोट लावलं, आईनं आरती केली, आम्ही पुरणपोळी खाल्ली.

दसऱ्याला सकाळी दादांनी अंघोळ करून झाकण उघडलं. ते मला अंगरखा दाखवणार होते. मी धारहून पाठवलेलं गोल कडांचं चित्र आलं. "छान आहे," दादा म्हणाले. मग त्यांनी 'मूळ' उघडलं. मी मागे उभा होतो. त्यांनी ते बंद केलं, परत उघडलं. चष्मा पुसला.

"दिसत नाहीत रे," ते म्हणाले. "माझ्या डोळ्याचं आहे का बघ."

"दादा, तुम्ही मूळमध्ये ठेवले होते?"

"मग कुठं ठेवणार?"

"घरमध्ये! घर त्यासाठीच होतं!"

"घरात सगळ्यांचा हात लागतो," दादा म्हणाले. "मूळला कोणाचा लागत नाही. तूच म्हणालास, मूळला काही होत नाही."

मी घर उघडलं. त्यात माझ्या पोराचे सहा फोटो होते आणि पत्त्यांच्या खेळातले गुण. मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यानं जन्मभर फर्मा जपला आणि कागद फेकला, तो माणूस आपला सगळ्यांत मोलाचा ऐवज कागदावर कशाला ठेवील? जगातल्या कुठल्याही शिंप्यानं हेच केलं असतं. मी शिंप्याचा मुलगा असून मला सुचलं नाही.

मग मी चार तास खटपट केली. काही होणार नाही हे मला पहिल्या मिनिटाला माहीत होतं, कारण तो थर मीच बनवला होता आणि फार चांगला बनवला होता. पण हात हलवत राहिलो, म्हणजे बोलावं लागत नव्हतं. शेवटी दादांनीच विचारलं, "म्हणजे मी इतके महिने कागदावर काढत होतो?"

"हो."

"आणि तो कागद आहे हे दिसत नव्हतं."

"नाही. मीच दिसू दिलं नव्हतं."

त्यांनी मान हलवली. तेवढ्यात शेजारचे लोक सोनं द्यायला आले. दादांनी हसून सगळ्यांकडून आपट्याची पानं घेतली, सगळ्यांना दिली, कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं त्याची चौकशी केली. लोक गेले. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "अहो, जेवायला चला."

मी त्रेचाळीस वर्षांचा आहे. उठलो आणि पानावर जाऊन बसलो.

शर्ट, पायजमा, कोट, ब्लाउज यांचे फर्मे दादा डोळे मिटून परत काढू शकत होते. अंगरख्याचा नाही. तो त्यांनी जन्मात कधी स्वतः आखला नव्हता, पुठ्ठ्यावरून पुठ्ठ्यावर उतरवला होता. त्यांनी शिवलेले अंगरखे लोकांच्या घरी पेट्यांत पडलेले, आणि कोणाला सांगणार की तुमच्या लग्नाचा अंगरखा उसवायला द्या? संध्याकाळी मी बायकोला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमचा आहे ना आपल्या ट्रंकेत. तो उसवा."

पुढच्या रविवारी मी माझा अंगरखा पिशवीत घालून देवासला नेला. दादांनी उंबऱ्याशी उजेडात चटई टाकली आणि ब्लेडनं एकेक टाका काढायला लागले. मी दोरे गोळा करत होतो. मधूनच ते म्हणायचे, "टाका चांगला घातलाय." स्वतःचाच. उसवलेले तुकडे त्यांनी इस्त्री करून नव्या पुठ्ठ्यावर मांडले.

पण तो अंगरखा माझ्या मापाचा होता. त्यातून मला वजा करायचं होतं. "घेर दोन बोटं कमी धरला होता तुमचा," दादा म्हणाले, "तेव्हा तुम्हाला पोट नव्हतं." तेवढं त्यांनी वाढवलं. "उंची एक बोट जास्त." तेवढी कापली. बाही, गळा, सगळं त्यांना आठवत होतं, सोळा वर्षांपूर्वीचं. मग ते डाव्या खांद्यापाशी आले आणि खडू थांबला.

"तुमचा डावा खांदा उतरता आहे," ते म्हणाले. "लहानपणी दुकानाचं पाणी तुम्ही आणायचात, बादली डाव्या हातात. तेवढा मी खाली घेतला होता."

"मग उजवा उलटा ठेवून डावा काढा ना," मी म्हटलं.

"अंगरख्याची डावी बाजू उजवीवर येते. वर येणाऱ्या बाजूचा खांदा मुळातच वेगळा. किती वेगळा, तीच तर तुमच्या पणजोबांची करामत. लोक ज्याला खांदा म्हणतात तो तोच." ते पुठ्ठ्याकडे बघत राहिले. मला उभं केलं, माझा खांदा मोजला, बोटं लावून बघितली, परत पुठ्ठ्याकडे गेले. "या उतारात त्यांचं किती आणि तुमचं किती, ते आता आठवत नाही."

'आठवत नाही' हे मी दादांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. गिऱ्हाइकाचं पोर मोठं होऊन आलं तरी बापाचं माप सांगणारे दादा. मी चहा सांगून येतो म्हणून बाहेर गेलो आणि गल्लीच्या टोकाला उभं राहून रडलो, साफ रडलो. तिथून जाणारा एक ओळखीचा म्हणाला, "क्या हो गया भिया?" मी म्हणालो, डोळ्यात काहीतरी गेलं.

परत आलो तेव्हा दादांनी पुठ्ठा कापला होता. डावा खांदा जसाच्या तसा होता.

"राहू द्या," ते म्हणाले. "आता हेच मूळ."

धारला येऊन मी नवी आवृत्ती केली. दादांनी परत आखलेले सगळे फर्मे आता मी इथूनच पायात घालून पाठवतो, प्रत्येक आवृत्तीत, म्हणजे ते खरोखर मूळमध्ये असतात आणि त्यांना काही होत नाही. दादांचं म्हणणं पहिल्यापासून बरोबर होतं, ते बरोबर करायला मला सिस्टम बदलावी लागली. आणि जिथं तो पातळ थर आहे तिथं आता वर लाल पट्टीत लिहिलेलं असतं, 'हा कागद आहे.' शब्द दादांचेच, पाटीवर खडूनं लिहून दिलेले. पाटी हातात देतानाही मला 'तुम्ही'च म्हणाले. फोनवरही 'तुम्ही', दिवाळीच्या फराळालाही 'तुम्ही'. पंधरा दिवस कधीच उलटून गेले होते.

तुळशीचं लग्न झालं आणि पहिला अंगरखा गेला तो बदनावरच्या एका लग्नाला. तोपर्यंत दादांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. काळा चष्मा लावून ते माझ्याबरोबर लग्नाला आले. नवरदेव बोहल्यावर उभा. मागे दोन बायका म्हणत होत्या, बघ गं, असा खांदा दुसऱ्या कोणाला जमत नाही. मी बघत होतो. नवरदेवाचे दोन्ही खांदे सरळ होते, चांगला धडधाकट मुलगा. अंगरख्याचा डावा खांदा मात्र किंचित खाली उतरला होता आणि तो मधूनमधून झटका देऊन वर घेत होता. तिथं बादली धरलेला मी होतो. आता हा फर्मा जिथंपर्यंत जाईल तिथंपर्यंत, माळव्यातले सगळे नवरदेव असेच खांदा वर घेणार.

दादांनी काळा चष्मा काढला आणि नवरदेवाकडे नीट, बराच वेळ बघितलं. त्यांना दिसलं होतं. मग त्यांनी माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवला.

"अरे, बघत काय बसलास?" ते म्हणाले. "जेवायला चल."